मोटारीची वारंवार उतरणारी बॅटरी : कारणनिदानाची शास्त्रीय पद्धती (नवी मुंबई शहराच्या विशेष संदर्भात)

सारांश

मोटारीची बॅटरी पुनःपुन्हा उतरणे ही नागरी जीवनातील एक सर्वपरिचित अडचण आहे. अशा वेळी बॅटरी बदलणे हाच एकमेव उपाय आहे असा समज सर्वत्र आढळतो. तथापि, बॅटरी उतरणे हा दोष नसून दोषाचे लक्षण आहे. हे लक्षण तीन वेगवेगळ्या कारणांनी निर्माण होऊ शकते : बॅटरीची साठवणक्षमता घटणे, तिच्यात होणारी विजेची भरणा अपुरी असणे, अथवा वाहन बंद असताना विजेचा खर्च होत राहणे. प्रस्तुत लेखात ही तीन कारणे परस्परांपासून वेगळी कशी ओळखावीत याचे क्रमवार विवेचन केले असून, नवी मुंबईतील उष्ण व दमट हवामान, खाडीकाठची हवा आणि रेल्वेप्रवासामुळे आठवडाभर उभ्या राहणाऱ्या मोटारी या घटकांचा त्यावर होणारा परिणाम विचारात घेतला आहे.

बीजशब्द : शिसे-आम्ल बॅटरी, अल्टरनेटर, छुपी गळती, विशिष्ट गुरुत्व, नवी मुंबई, शिशाचा पुनर्वापर.

१. प्रस्तावना

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये पुन्हा भारित करता येईल अशी शिसे-आम्ल बॅटरी तयार केली. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवर चालणारा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत बसविण्यात आला आणि हँडल फिरवून इंजिन सुरू करण्याचे कष्ट हळूहळू संपुष्टात आले. तेव्हापासून बॅटरी हा मोटारीचा अविभाज्य घटक बनला. मोटारीच्या इतर यंत्रणांत गेल्या शंभर वर्षांत आमूलाग्र बदल झाले. परंतु सर्वसाधारण मोटारीतील बारा व्होल्टची बॅटरी मात्र तत्त्वतः प्लांते यांच्याच मार्गाने चालते.

या उद्योगाशी नवी मुंबई परिसराचा थेट संबंध आहे. येथील तळोजे औद्योगिक क्षेत्रात बॅटरीनिर्मितीचा मोठा कारखाना असून, स्टँडर्ड बॅटरीज या कंपनीचा हा कारखाना १९९८ मध्ये एक्साइड इंडस्ट्रीजने आपल्याकडे घेतला. बॅटरी जेथे तयार होते त्याच परिसरात ती वारंवार निकामी का होते, हा प्रश्न म्हणूनच केवळ वाहनधारकांच्या गैरसोयीचा नाही. त्यास आर्थिक बाजू आहे, सुरक्षिततेची बाजू आहे आणि शिशासारख्या विषारी धातूचा संबंध असल्याने पर्यावरणाचीही बाजू आहे. मध्यरात्री रुग्णास रुग्णालयात न्यावयाचे असताना मोटार सुरू न होणे ही गोष्ट किरकोळ म्हणता येणार नाही. त्याचप्रमाणे सुस्थितीतील बॅटरी चुकीच्या निदानामुळे मोडीत जाणे हेही किरकोळ नाही.

२. बॅटरीची रचना व कार्य

मोटारीच्या बॅटरीत सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक घटात शिशाच्या डायऑक्साइडची धन पट्टिका, सच्छिद्र शिशाची ऋण पट्टिका आणि सौम्य गंधकाम्ल असते. प्रत्येक घटाचा विद्युतदाब सुमारे २.१ व्होल्ट असल्याने पूर्ण भारित बॅटरीचा एकूण दाब सुमारे १२.६ व्होल्ट भरतो. बॅटरीतून वीज घेतली जाते तेव्हा दोन्ही पट्टिकांवर शिशाचे सल्फेट तयार होते आणि आम्ल अधिकाधिक पाणीदार होत जाते. वीज परत भरली की ही क्रिया उलट दिशेने घडते. आम्लाचे विशिष्ट गुरुत्व मोजून बॅटरीत किती वीज शिल्लक आहे हे कळते, त्यामागील कारण हेच होय.

बॅटरी दीर्घकाळ अर्धवट भारित अवस्थेत राहिल्यास शिशाच्या सल्फेटचे बारीक स्फटिक वाढून कठीण होतात आणि पुढे भारण करूनही पूर्णपणे विरघळत नाहीत. या अवस्थेस सल्फेशन असे म्हणतात. येथे एक महत्त्वाची बाब लक्षात येते. बॅटरी उतरण्याचे मूळ कारण बाहेरचे असले तरी ती वारंवार उतरू दिल्यास कालांतराने बॅटरी स्वतःही सदोष होते. नवी बॅटरी बसविल्यावर काही महिने बरे जातात आणि पुन्हा तीच तक्रार उद्भवते, असा जो अनुभव येतो त्याचा उलगडा येथे होतो. बदलला गेला तो परिणाम. कारण जागच्या जागीच राहिले.

इंजिन सुरू झाल्यानंतर पट्ट्याच्या साहाय्याने फिरणारा अल्टरनेटर वाहनाची विजेची गरज भागवतो आणि उरलेली वीज बॅटरीत भरतो. गॅरेजमध्ये जुन्या सवयीने आजही त्यास ‘डायनॅमो’ म्हटले जाते. अशा रीतीने बॅटरीचा व्यवहार हा साठा, जमा आणि खर्च यांचा व्यवहार आहे. गच्चीवरील पाण्याची टाकी रिकामी राहू लागली तर टाकीत गाळ साचला आहे काय, पंप कमी पाणी चढवतो आहे काय, की एखादा नळ गळतो आहे, हे आपण पाहतो. तडकाफडकी टाकी बदलत नाही. बॅटरीच्या बाबतीतही याच क्रमाने विचार करणे उचित ठरते.

३. नवी मुंबईतील विशेष परिस्थिती

सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि तिने विकसित केलेल्या या शहरात ठाणे खाडीवरील पुलावरून मे १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल गाडी सुरू झाली. पुढे हा मार्ग बेलापूर व पनवेलपर्यंत वाढला. बेलापूर ते पेंधर ही मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. परिणामी, या शहरातील अनेक कुटुंबांची मोटार सोमवार ते शुक्रवार सोसायटीच्या आवारात उभी असते. शनिवार-रविवारी ती बाहेर निघते तीही बहुधा एका सेक्टरमधून दुसऱ्या सेक्टरमध्ये जाण्यापुरती. कामावर जाण्यासाठी रेल्वेचा वापर करणे ही सवय सर्वार्थाने चांगली आहे; मात्र बॅटरीच्या दृष्टीने ती प्रतिकूल ठरते. याचे गणित मांडून पाहणे उद्बोधक होईल.

मोटार सुरू करताना बॅटरीतील बरीचशी वीज खर्च होते, असा सार्वत्रिक समज आहे. लहान पेट्रोल मोटारीचा स्टार्टर सुमारे १५० ॲम्पिअर प्रवाह ३ सेकंद घेतो असे धरल्यास खर्च होणारी वीज ०.१२५ ॲम्पिअर-तास इतकीच भरते. याउलट, मोटार कुलूपबंद असतानाही घड्याळ, धोक्याची सूचना देणारी यंत्रणा, रिमोटचा संदेश ग्रहण करणारे मंडल आणि संगणकीय नियंत्रक यांना अल्प प्रवाह लागतोच. तो ३० मिलिॲम्पिअर धरला तर एका आठवड्याच्या १६८ तासांत ५ ॲम्पिअर-तास वीज खर्च होते. म्हणजे उभ्या मोटारीचा आठवड्याचा खर्च हा एकदा इंजिन सुरू करण्याच्या खर्चाच्या चाळीसपट आहे.

आता जमेची बाजू पाहू. रविवारी दहा-दहा मिनिटांच्या दोन फेऱ्या झाल्या आणि त्या वेळात बॅटरीत सरासरी ६ ॲम्पिअर प्रवाह भरला गेला असे मानल्यास २ ॲम्पिअर-तास वीज परत मिळते. आठवड्याची तूट ३ ॲम्पिअर-तास राहते. ३५ ॲम्पिअर-तास क्षमतेची बॅटरी या हिशेबाने सहा आठवड्यांत जवळजवळ अर्ध्यावर येते. या उदाहरणात मोटारीत कोणताही दोष नाही, अल्टरनेटर ठीक आहे आणि बॅटरीही ठीक आहे. तरीही एका सकाळी किल्ली फिरवल्यावर केवळ ‘कट्‌कट्’ असा आवाज येतो.

कोविड साथीच्या काळात २५ मार्च ते ३१ मे २०२० असे ६८ दिवस देशव्यापी टाळेबंदी होती. ३० मिलिॲम्पिअर या प्रवाहाने तेवढ्या काळात सुमारे ४९ ॲम्पिअर-तास वीज खर्च होते. ३५ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत मुळात तेवढा साठाच नसतो. टाळेबंदी शिथिल झाल्यावर इतक्या मोटारी एकाच वेळी सुरू होईनाशा का झाल्या, याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

यात हवामानाची भर पडते. थंड प्रदेशात बॅटरीची परीक्षा हिवाळ्यात होते. कोकणपट्टीत मात्र तिचा खरा शत्रू उष्मा आहे. तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की बॅटरीच्या आतील रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्यामुळे पट्टिकांची जाळी लवकर गंजते, पाणी लवकर आटते आणि बॅटरी आपोआप उतरण्याचे प्रमाणही वाढते. सायन-पनवेल महामार्गावरील वाहतूककोंडीत अडकलेल्या मोटारीच्या बॉनेटखालील तापमान बाहेरच्या तापमानापेक्षा बरेच अधिक असते, हे येथे ध्यानात घ्यावे. आपल्याकडे बॅटरीचे आयुष्य साधारणतः ३ ते ५ वर्षांचे मानले जाते ते यामुळेच.

पावसाळ्यात दिवे, वायपर, वातानुकूलनाचा पंखा आणि मागील काचेची तापतार ही सर्व उपकरणे एकाच वेळी चालू असतात. इंजिन मंदगतीने फिरत असताना अल्टरनेटर आपल्या पूर्ण क्षमतेने वीज देऊ शकत नाही. अशा वेळी बॅटरीत जमा होण्याऐवजी तिच्यातूनच काही वीज जाऊ शकते. शिवाय खाडीकाठची खारट, दमट हवा टर्मिनल व अर्थिंगच्या जोडांवर गंज चढवते. उभ्या मोटारीच्या बॉनेटखाली आसरा घेणाऱ्या उंदीर-घुशींनी कुरतडलेल्या वायरी हेही येथील सोसायट्यांमधील एक परिचित कारण आहे.

४. निदानाची क्रमवार पद्धती

पुढील तपासणीसाठी साधा डिजिटल मल्टीमीटर पुरेसा आहे. तत्पूर्वी काही दक्षता आवश्यक आहेत. भारण होत असताना बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो व तो ठिणगीने पेट घेऊ शकतो. म्हणून जवळ विडी-सिगारेट वा उघडी ज्योत नसावी. डोळ्यांवर चष्मा असावा. हातातील कडे, अंगठी व घड्याळ काढून ठेवावे. बॅटरी सोडवताना ऋण टर्मिनल प्रथम सोडवावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे.

४.१ प्रत्यक्ष निरीक्षण : टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थर, सैल पकड, फुगलेले कवच, तडा आणि आम्लाची पातळी यांकडे प्रथम पाहावे. केवळ टर्मिनल सैल असल्यामुळे बॅटरी बदलली गेल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत. टर्मिनलवरील थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. त्या वेळी घटांची झाकणे घट्ट बंद असावीत. जोड घासून कोरडे करून घट्ट बसवल्यावर त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरीच्या माथ्यावरील ओलसर धूळ ही स्वतः विजेची वाट बनू शकते. मल्टीमीटरची एक तार ऋण टर्मिनलला लावून दुसरी माथ्यावरून फिरवल्यास आणि दाब दिसल्यास ही पृष्ठगळती सिद्ध होते. पाणी कमी असल्यास ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. नळाचे पाणी अथवा आम्ल घालू नये. काही बॅटऱ्यांवर रंग दाखवणारी काचेची खिडकी असते. तिचे दर्शन सहापैकी एकाच घटापुरते मर्यादित असल्याने केवळ तिच्यावर विसंबणे योग्य नव्हे.

४.२ विश्रांत अवस्थेतील विद्युतदाब : मोटार रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी, दार उघडून दिवे लागण्यापूर्वी शक्य झाल्यास, टर्मिनलवरील दाब मोजावा. नुकतीच चालवलेली मोटार तपासावयाची असल्यास पुढील दिवे दोन-तीन मिनिटे लावून बंद करावेत व थोडा वेळ थांबून मापन करावे. अन्यथा पट्टिकांच्या पृष्ठभागावरील तात्पुरत्या प्रभारामुळे दाब फसवा अधिक दिसतो. साधारण अर्थ पुढीलप्रमाणे लावता येतो :

१२.६ व्होल्ट वा अधिक – पूर्ण भारित
१२.४ व्होल्ट – सुमारे ७५ टक्के
१२.२ व्होल्ट – सुमारे ५० टक्के
१२.० व्होल्ट – सुमारे २५ टक्के

बॅटरी पूर्ण भारित करूनही दाब १०.५ व्होल्टच्या आसपास राहत असेल तर सहापैकी एक घट मृत झाला आहे असे समजावे. अशी बॅटरी बदलण्यावाचून पर्याय नाही.

ज्या बॅटरीची झाकणे उघडता येतात तिच्या प्रत्येक घटातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व हायड्रोमीटरने मोजणे अधिक विश्वसनीय असते. पूर्ण भारित घटात ते सुमारे १.२६ ते १.२८ असते. सर्व घटांतील मापे सारखीच कमी आली तर बॅटरी केवळ उतरलेली आहे. एकाच घटाचे माप इतरांपेक्षा ०.०५ ने कमी आले तर तो घट सदोष आहे. उतरलेली बॅटरी आणि बिघडलेली बॅटरी यांतील हा भेद निदानाचा गाभा होय.

४.३ भारचाचणी : पूर्ण भारित बॅटरी वीज किती जोमाने देऊ शकते हे केवळ दाबावरून कळत नाही. बॅटरीविक्रेत्याकडील भारचाचणी यंत्राने ते तपासता येते. घरच्या घरी स्थूल अंदाज घ्यावयाचा असल्यास साहाय्यकाकडून इंजिन सुरू करून घेताना दाबाकडे लक्ष द्यावे. पूर्ण भारित बॅटरीचा दाब त्या क्षणी ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर तिची क्षमता क्षीण झाली आहे, असे मानण्यास जागा आहे. उतरलेल्या बॅटरीवर ही चाचणी करून काढलेला निष्कर्ष मात्र ग्राह्य धरता येत नाही. चाचणीपूर्वी बॅटरी पूर्ण भारित करणे ही अट आहे आणि घाईच्या निदानात नेमकी तीच पाळली जात नाही.

याच वेळी टर्मिनलचा खुंट आणि त्यावरील पकड यांच्यातील दाबाचा फरक मोजावा. इंजिन सुरू करताना तो नगण्य असावयास हवा. तो ठळकपणे जाणवला तर दोष बॅटरीत नसून जोडात आहे. इंजिन व मोटारीचा सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली असल्यासही असेच लक्षण दिसते.

४.४ भरणेची तपासणी : इंजिन चालू असताना टर्मिनलवरील दाब सामान्यतः १३.८ ते १४.५ व्होल्ट असावा. नंतर दिवे, पंखा व काचेची तापतार सुरू करून इंजिनचा वेग थोडा वाढवावा आणि पुन्हा मापन करावे. दाब १३ व्होल्टच्या आसपास वा खाली घसरत असल्यास पट्टा सैल असणे, अल्टरनेटरचे ब्रश झिजणे, नियंत्रक बिघडणे अथवा वायरीत दोष असणे या शक्यता तपासाव्यात. दाब सातत्याने १५ व्होल्टच्या वर राहत असेल तर बॅटरीचे अतिभारण होते, पाणी झपाट्याने आटते व कुजक्या अंड्यासारखा वास येऊ शकतो.

याबाबत दोन खुलासे आवश्यक आहेत. पहिला असा की, अलीकडील अनेक मोटारींत इंधनबचतीसाठी अल्टरनेटरचा दाब संगणक ठरवतो. त्यामुळे अशा वाहनात दाब काही काळ कमी दिसला म्हणून अल्टरनेटरला दोष देऊ नये. उत्पादकाच्या पुस्तिकेतील पद्धती पाहावी. दुसरा असा की, चालत्या मोटारीत डॅशबोर्डवर लागणारा बॅटरीच्या चिन्हाचा लाल दिवा बॅटरी जुनी झाल्याचे सांगत नाही. तो भरणा थांबल्याचे सांगतो. हा दिवा लागल्यावर बॅटरी बदलणे म्हणजे पंप बंद पडला असता टाकी बदलणे होय.

४.५ छुप्या गळतीची तपासणी : बॅटरी सुस्थितीत आणि भरणा यथायोग्य असूनही मोटार दोन-चार दिवसांत उतरत असेल तर बंद अवस्थेतील प्रवाह मोजावा. त्यासाठी ऋण टर्मिनल सोडवून ते व वायर यांच्या दरम्यान मल्टीमीटर १० ॲम्पिअरच्या मापनश्रेणीवर जोडतात. मीटर जोडलेला असताना इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न कदापि करू नये. मीटरमधील फ्यूज तत्काळ जळतो. बॉनेट उघडे राहिल्याने वा दार उघडल्याने दिवे व नियंत्रक जागे राहणार नाहीत याची काळजी घ्यावी. मोटार कुलूपबंद केल्यानंतर सर्व नियंत्रक निद्रावस्थेत जाण्यास २० ते ४५ मिनिटे, क्वचित एक तासही लागतो. तोवर दिसणारा मोठा प्रवाह हा दोष नव्हे. घाईने केलेल्या मापनात निरोगी मोटारही सदोष ठरते.

त्यानंतर स्थिरावलेला प्रवाह बहुतेक मोटारींत ५० मिलिॲम्पिअरच्या आत असावा. तो याहून बराच अधिक असल्यास एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजमुळे प्रवाह एकदम खाली येतो त्या मंडलात गळती आहे. डिकीतील वा डॅशबोर्डच्या कप्प्यातील न विझणारा दिवा, चिकटून बसलेला रिले आणि बाहेरून बसवलेली संगीतयंत्रणा, कॅमेरा वा मागोवा घेणारे उपकरण ही नेहमीची कारणे होत. डिकीतील ५ वॅटचा एक लहानसा दिवाही सुमारे ०.४ ॲम्पिअर प्रवाह घेतो आणि ३५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांच्या आत अर्ध्यावर आणतो. सर्व फ्यूज काढूनही प्रवाह कायम राहिला तर अल्टरनेटरमधील सदोष डायोडचा संशय घ्यावा, कारण त्याची जाडी वायर सामान्यतः फ्यूजपेटीतील लहान फ्यूजमधून जात नाही. हे काम मात्र जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

५. निदानानुसार उपाययोजना

वरील चाचण्यांतून चार प्रकारचे निष्कर्ष संभवतात. बॅटरी क्षीण आढळल्यास ती बदलावी. नवी बॅटरी उत्पादकाने सांगितलेल्या क्षमतेची, प्रकाराची व टर्मिनलच्या त्याच मांडणीची असावी. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या मोटारींना त्यासाठी बनवलेली विशेष बॅटरी लागते. तेथे साधी बॅटरी बसवणे ही बचत ठरत नाही. भरणा अपुरी असल्यास अल्टरनेटर वा त्याचा पट्टा दुरुस्त करावा. गळती आढळल्यास ते मंडल दुरुस्त करावे. आणि या तिन्हींपैकी काहीच आढळले नाही तर दोष मोटारीच्या वापरात आहे असे समजावे.

नवी मुंबईसारख्या शहरात हा चौथा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे. यावर अनेकजण सकाळी दहा मिनिटे मोटार जागेवरच चालू ठेवण्याचा उपाय करतात. मंदगतीने फिरणाऱ्या इंजिनाकडून एवढ्या वेळात अत्यल्प वीज भरली जाते. इंधन जळते आणि आवारात धूर होतो तो वेगळाच. त्याऐवजी आठवड्यातून एकदा अनावश्यक उपकरणे बंद ठेवून पाऊण ते एक तासाचा सलग प्रवास करणे हितावह ठरते. तोही शक्य नसेल, तर महिन्यातून एकदा स्वयंचलित चार्जरने बॅटरी पूर्ण भारित करावी. इंधन जाळून घेतलेल्या दहा मिनिटांपेक्षा घरगुती विजेवर केलेले भारण अधिक स्वस्त व अधिक परिणामकारक असते. मोटार महिनाभर उभी राहणार असल्यास ऋण टर्मिनल सोडवून ठेवता येते. मात्र घड्याळ व संगीतयंत्रणेच्या नोंदी पुसल्या जातात आणि काही मोटारींत सुरक्षा संकेतांक पुन्हा भरावा लागतो, हे आधी पाहून घ्यावे.

विजेवर चालणाऱ्या मोटारींनाही ही चर्चा लागू पडते. त्यांतील मुख्य बॅटरी वेगळ्या प्रकारची असली तरी कुलपे, दिवे व नियंत्रक यांच्यासाठी बहुतेकांत बारा व्होल्टची स्वतंत्र बॅटरी असतेच. ती उतरल्यास मुख्य बॅटरी भरलेली असूनही मोटार जागची हलत नाही.

६. जुनी बॅटरी आणि सामाजिक दायित्व

बॅटरीतील शिसे जवळजवळ पूर्णतः पुन्हा वापरता येते. परंतु हे काम शास्त्रशुद्ध रीतीने न होता उघड्या भट्टीवर झाल्यास शिशाची धूळ व धूर माती, पाणी आणि मानवी शरीरात पोहोचतात. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा विशेष विपरीत परिणाम होतो. भारतात २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल बंद करण्यात आले ते याच कारणासाठी. २००१ मध्ये जुन्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांच्या संकलनासंबंधी केंद्र शासनाने नियम केले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांची जागा बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली. या नियमांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्यांचे संकलन व पुनर्वापर यांची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ग्राहकाने जुनी बॅटरी भंगारवाल्यास न देता अधिकृत विक्रेत्याकडे परत करावी. तिच्या बदल्यात नव्या बॅटरीच्या किमतीत सूटही मिळते.

तथापि, परत केलेल्या बॅटरीपेक्षा न बदललेली सुस्थितीतील बॅटरी केव्हाही श्रेयस्कर. अचूक निदानामुळे वाचलेली प्रत्येक बॅटरी म्हणजे कित्येक किलो शिसे वितळवण्याचा टळलेला प्रसंग होय.

७. निष्कर्ष

१) बॅटरी वारंवार उतरणे हे लक्षण आहे; त्याचे कारण साठा, भरणा, गळती वा वापर यांपैकी कोणत्याही बाबीत असू शकते.
२) उतरलेली बॅटरी आणि बिघडलेली बॅटरी यांत भेद करणे ही निदानाची पहिली पायरी आहे. त्यासाठी पूर्ण भारण केल्यानंतरच क्षमतेची चाचणी घ्यावी.
३) चालू इंजिनावरील दाब आणि बंद मोटारीतील प्रवाह ही दोन मापे घेतल्याखेरीज बॅटरी बदलू नये.
४) नवी मुंबईत उष्मा, दमट हवा आणि अल्प व तुटक वापर यांचा एकत्रित परिणाम होत असल्याने निर्दोष मोटारीतही बॅटरी उतरू शकते. तेथे दुरुस्तीऐवजी वापरात बदल अथवा नियमित भारण हाच उपाय ठरतो.
५) अचूक निदान हे ग्राहकहिताचे आहे, त्याचप्रमाणे शिशाचे प्रदूषण रोखण्याचेही साधन आहे.

८. समारोप

येथे वर्णन केलेल्या चाचण्यांपैकी बहुतेक चाचण्यांना काही शे रुपयांचा मल्टीमीटर, एक सकाळ आणि थोडा धीर एवढेच लागते. महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ओहमचा नियम, विद्युत अपघटन आणि विशिष्ट गुरुत्व हे विषय पाठ्यपुस्तकातून परिचित असतात. त्याच विषयांचे प्रात्यक्षिक सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या मोटारीवर घेता येते. सोसायटीतील एखाद्या विद्यार्थ्याने मल्टीमीटर लावून शेजाऱ्याची चांगली बॅटरी मोडीत जाण्यापासून वाचवली, तर शास्त्राच्या शिक्षणाचा तोही एक उपयोग म्हणावा लागेल.